समुद्रापलीकडून आलेली फी

आफ्रिकेतल्या मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या लहान लहान संस्थांबद्दल बोला, असं मला सुचवण्यात आलं, तेव्हा आधी हसू आलं. आगरदांड्याच्या बाईला आफ्रिका सांगायची म्हणजे मामाच्या गावचं कौतुक भाचीला सांगण्यासारखं! आमचं आगरदांडा रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर. समोर दिघी. जरा बाहेरच्या अंगाला गेलं की जंजिरा. हा किल्ला ज्यांनी शतकानुशतकं राखला ते सिद्दी मूळचे समुद्रापलीकडचे, हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. जंजिऱ्याच्या संस्थानाला जुने लोक ‘हबसाण’ असंच म्हणत. १९४८ साली ते संस्थान विलीन झालं, पण शब्द आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात पुढेही राहिला. थंडीतला वारा गलबताला इथून आफ्रिकेकडे नेतो आणि पावसाच्या तोंडाचा वारा परत आणतो, हे ज्ञान या किनाऱ्यावर शाळेच्याही आधीचं आहे.

तरीसुद्धा आपल्या मराठी बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द कसा येतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. लहान मुलाला घाबरवायला नाहीतर कुणाच्या रंगावर बोलायला. मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकत विकत दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२६ साली तो वारला. शाळेत त्याच्यावर एक परिच्छेद असतो. जंजिऱ्याच्या सिद्द्यांवरही असतो, बहुधा किल्ला कुणाला जिंकता आला नाही एवढ्यापुरता. या सगळ्या इतिहासात पुरुष आहेत. त्या गलबतांतून आलेल्या बायका आणि मुली कुठं गेल्या, त्यांना कुणी काही शिकवलं का, हा प्रश्न मला बी. ए.च्या वर्गात असताना पडला होता. त्याचं उत्तर मला जंजिऱ्यात मिळालं नाही. ते मिळालं थेट नाशकात.

नाशिकला शरणपूर रोड आहे. आज तिथं दुकानं, दवाखाने, कचेऱ्या यांची गर्दी. या रस्त्याला ज्या वस्तीचं नाव मिळालं ते शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं एक छोटं ख्रिस्ती खेडं होतं. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं धरून गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे विकायला नेत. इंग्रजी आरमाराची जहाजं अशी गलबतं अडवत आणि त्यातली माणसं सोडवत. सोडवलेल्यांत लेकरंही असायची. आईबाप कुठं आहेत, गाव कुठलं, हे ज्यांना सांगताही येत नाही अशी. त्यातली कित्येक मुंबईला उतरवली गेली आणि काही शरणपूरच्या आश्रमात आली. मिशननं त्याला नाव दिलं होतं ‘आफ्रिकन असायलम’. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर. नाव ज्यानं ठेवलं त्याला मराठी येत होतं.

तिथं मुलगेही होते आणि मुलीही. मुलग्यांना वाचन-लेखनाबरोबर लोहारकी, सुतारकी शिकवली जाई. मुलींना अक्षरं, प्रार्थना, शिवणकाम, घरकाम. यातले मुलगे पुढे जगप्रसिद्ध झाले, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्यानं नाशिकची मुलं बरोबर घेतली होती. त्याच्या शोधासाठी जी माणसं नंतर पाठवली गेली त्यांतही नाशिकची मुलं होती. १८७३ साली तो आफ्रिकेच्या पोटात वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं शव मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. त्यात जेकब वेनराइट नावाचा नाशिकला शिकलेला तरुण होता. तो शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटी धरणाऱ्यांमध्ये उभा राहिला.

मुलग्यांची नावं अशी भूगोलाच्या पुस्तकांत गेली. मुलींची नावं मिशनच्या वह्यांत राहिली. मुलींचं पुढं काय झालं? बहुतेकींची लग्नं तिथल्याच मुलग्यांशी लावून दिली गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह करायला झांजिबारला गेले होते. नाशिकची शिकलेली आफ्रिकी माणसं परत आफ्रिकेत न्यावीत, असा विचार त्यानंतर पक्का झाला. मोंबासा बेटासमोर, खाडीच्या पलीकडे, १८७४-७५च्या सुमारास एक वसाहत उभी राहिली. तिला फ्रिअरचंच नाव दिलं, फ्रिअरटाउन. शरणपूरची व्यवस्था पाहणारे रेव्हरंड विल्यम प्राइस तिथं गेले आणि दीडशेच्या आसपास ‘बॉम्बे आफ्रिकन’ स्त्री-पुरुष तिथं जाऊन राहिले. तिकडे त्यांना हेच नाव पडलं. विचार करा, गोदावरीच्या काठी अक्षर गिरवलेली बाई मोंबासाच्या खाडीकाठी संसार मांडते आहे. तिच्या तोंडात मराठीचे चार शब्द तरी राहिले असतील, असं आपलं मला वाटतं. कवीला एवढं वाटायची मुभा असावी.

या कामाचं मी नुसतं कौतुक करणार नाही. त्या मुलांची जुनी नावं गेली, बायबलातली नवी आली. धर्म कुठला हे त्यांना कुणी विचारलं नाही. मुलीला शिकवायचं ते चांगली बायको व्हावी एवढ्यासाठी. पण गलबताच्या तळातून काढलेल्या पोरीला छप्पर, जेवण आणि अक्षर या तीन गोष्टी एका जागी देणारं ते ठिकाण होतं, हेही खरं. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास चाळताना मला या तिन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्रच दिसतात. नुसती शाळा काढून मुलगी शिकत नाही. ती कुठं राहील, काय खाईल, कशी येईल-जाईल आणि तिच्या घरचं कोण हो म्हणेल, हे आधी सोडवावं लागतं. पुण्यात फुले दांपत्यानं १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या कामात आमची फातिमा शेख होती. १० ऑक्टोबर १८५६ला माहेराहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई काळजी करतात ती तिचीच. आपण आजारी पडलो, त्यामुळं फातिमावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. फातिमाबद्दल हाती येणारा लिखित पुरावा थोडा आहे. मला तेवढाही पुरतो. दुसऱ्याच्या मुलींसाठी राबणारी आणि कुरकुर न करणारी बाई आमच्या मोहल्ल्यात मी पाहिलेली आहे.

आता पैशाकडे येते.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाचं. तिथं त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते हातोहात खपलं. डिसेंबर १८८७मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या गावोगाव शाखा निघाल्या, त्यांना ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. सभासदानं दर वर्षी निदान एक डॉलर द्यायचा, असं दहा वर्षं, असा साधा करार. कुणी मोठा धनी नाही, वर्षाला एक डॉलर देणाऱ्या बायाबापड्या. त्या पैशावर ११ मार्च १८८९ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरूखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी तिचा नवरा वारला होता. तिच्या भावानं, नरहरपंतांनी, तिला सदनात घातलं. अमेरिकेतल्या कुठल्या तरी गावातल्या शिंपिणीचा नाहीतर मास्तरणीचा डॉलर कोकणातल्या या बालविधवेच्या पाटीवर उतरला.

१८९३ साली सदनात वादळ झालं. मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतोय, अशी ओरड झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोण चूक, कोण बरोबर यावर पुण्यात पुष्कळ शाई सांडली आहे, मी आणखी सांडत नाही. मला त्यातला एक धडा महत्त्वाचा वाटतो. पैसा लांबून आला तर चालतो, विश्वास मात्र लांबून आणता येत नाही. तो गावातच उभा करावा लागतो.

त्याच १८९३च्या ११ मार्चला गोदूबाईंनी पुनर्विवाह केला. नवरदेव होते तिच्या भावाचे मित्र, फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढं सगळ्यांच्या बाया झाल्या. कर्वे मुरूडचे. आमच्या मुरूडचे नव्हेत बरं का, दापोलीकडच्या मुरूडचे. पुष्कळांचा घोटाळा होतो आणि आमच्याकडचे काही लोक तो मुद्दाम दुरुस्त करत नाहीत! जेकब वेनराइट लंडनला पेटीशी उभा होता, त्या १८ एप्रिलला दापोलीकडचा हा मुलगा सोळा वर्षांचा झाला. पुढल्याच वर्षी तो परीक्षेसाठी कोकणातून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला, शंभर मैलांहून जास्त. तिथं साहेबानं त्याचं वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. शिक्षणासाठी चालणं म्हणजे काय, हे त्याला पायांनी कळलेलं होतं.

पुनर्विवाहानंतर गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले होते. त्या माळावर एक झोपडी उभी राहिली. कर्वे कॉलेजात शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जात, लागणारं सामानसुमान स्वतः वाहून नेत आणि तिथं गेल्यावर पुन्हा शिकवत. हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सुरुवातीच्या काळात त्या झोपडीत आल्या त्या मुख्यतः ब्राह्मण विधवा. महार-मांगांच्या, मुसलमानांच्या मुली त्या चित्रात नव्हत्या. पण झोपडीचा नकाशा एकदा कागदावर आला की तो दुसऱ्यालाही वापरता येतो.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरात मूल. मेहुण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरू लागल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हतं. तिथं लोकांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकल्या, पैसे जमवले आणि १९२० साली परत आल्या. ‘माझी कहाणी’ या पुस्तकात त्यांनी सगळं लिहून ठेवलं आहे. मला ही जोडी फार आवडते. थोरली बहीण अमेरिकेतून आलेल्या पैशावर शिकली, धाकटी अमेरिकेत भांडी घासून इथल्या मुलींसाठी पैसा घेऊन आली. मदत घेणारी आणि मदत उभी करणारी यांच्यात एकाच घरातला एक उंबरा.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. तरी पैशाची चणचण होतीच. म्हणून सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा १९२९-३०मध्ये युरोप, अमेरिका, जपान फिरून आला आणि डिसेंबर १९३०मध्ये पुन्हा बोटीवर चढला. या वेळी आफ्रिकेला. शंकर नावाचा त्यांचा मुलगा मोंबासाला डॉक्टर होता. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, असे जवळजवळ पंधरा महिने कर्वे तिथल्या हिंदी लोकांत हिंडले. मुली शिकल्या पाहिजेत, हे एकच सांगत आणि झोळी पसरत.

श्रोतेहो, हा प्रवास आपण नीट लक्षात ठेवला नाही. आज आफ्रिका म्हटलं की आपल्यासमोर हात पसरलेलं मूल येतं. १९३१ साली मोंबासात हात पसरला होता तो महाराष्ट्राने, आपल्या मुलींसाठी. देणारे कोण होते? मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, त्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते. त्यातले अडीच हजार तिथंच मेले. रेल्वेच्या मागोमाग दुकानदार गेले, कारकून गेले, शिंपी गेले, मास्तर गेले. कर्व्यांसमोर बसले ते असे लोक. त्यांच्या गल्ल्यात पडलेला शिलिंग बहुधा आफ्रिकी गिऱ्हाइकाच्या हातातून आलेला. म्हणजे आपल्या लेकीबाळींच्या फीमध्ये कुठल्या तरी आफ्रिकी शेतकऱ्याच्या कापसाचा नाहीतर कॉफीचा दाणा आहेच. त्या शेतकऱ्याच्या मुलीची शाळा मात्र त्या हिशेबात कुणी धरली नव्हती. वसाहतीच्या सरकारला तिची घाई नव्हती, थोड्याफार मिशनशाळा होत्या तेवढ्याच. खाडीच्या एका बाजूला मोंबासात कर्वे वर्गणी गोळा करत होते आणि दुसऱ्या बाजूला फ्रिअरटाउन होतं, जिथं नाशिकला शिकलेल्या मुलींची नातवंडं राहत असतील. त्यांची गाठ पडली का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतही हा समुद्रापारचा पैसा आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रायगड-रत्नागिरीच्या गावांतली माणसं केपटाऊनला जाऊन राहिली. बाकीचे बोटींवर खलाशी, भंडारी, तेलवाले. माझे मामू बोटीवर होते. मोंबासा, दार-ए-सलाम, दरबान ही नावं मी नकाशाच्या आधी त्यांच्या पत्रांवरच्या शिक्क्यांत वाचली. माझी मोठी बहीण, आपा, सातवीनंतर घरी बसली. बुद्धीत ती माझ्या पुढची. पण पुढची शाळा मुरूडला, एसटीनं जायचं, सोबत कुणी नाही आणि पासाला पैसे नाहीत. माझी वेळ आली तेव्हा मामूंची मनीऑर्डर आली. तिच्या खालच्या चिठोरीवर लिहिलं होतं, हे धाकटीच्या पासासाठी, दुसऱ्या कशाला लावू नका. नानीनं अट घातली की चुलतबहिणीबरोबरच जायचं, एकटीनं नाही. म्हणून मामूंच्या पैशातून दोन पास निघाले. आम्ही दोघी शिकलो त्या अशा.

ज्या शाळेत आम्ही जायचो तिथं मुलींसाठी संडास नव्हता. सकाळी घरून निघाल्यावर आम्ही दिवसभर पाणी पीत नसू. महिन्याचे चार दिवस घरी. परीक्षेत मार्क कमी पडले की मास्तर म्हणत, मुलींचं लक्ष नसतं. तहानलेल्या पोरीचं लक्ष कशात असणार? मुलीची फी भरली म्हणजे तिचं शिक्षण भरलं असं होत नाही, हे मी तिथं शिकले. आमच्या त्या शाळेचा तेवढा उपकार.

आता आजच्या आफ्रिकेतल्या एका संस्थेची गोष्ट सांगते. ती आज लहान राहिलेली नाही, पण सुरुवात अगदीच लहान होती. ॲन कॉटन नावाची वेल्समधली एक बाई १९९१ साली झिम्बाब्वेच्या उत्तरेला मोला नावाच्या खेड्यात गेली. तिला पाहायचं होतं की तिथल्या मुली शाळेत का येत नाहीत. तिची समजूत अशी होती की रूढी आड येत असणार, आईबापांनाच मुली शिकायला नको असतील. आपणही गरीब वस्तीकडे बोट दाखवून हेच म्हणतो ना? आमच्या मोहल्ल्याबद्दल तर हे मी आयुष्यभर ऐकलं. तिनं लोकांना विचारलं. लोक म्हणाले, मुली शिकायला हव्यातच, पण फी एकाचीच भरता येते, आणि नोकरी मुलाला मिळण्याची शक्यता जास्त. तिथं तिला दोन बहिणी भेटल्या. मोलाची शाळा स्वस्त, म्हणून शंभरेक किलोमीटर चालत त्या तिथं आल्या होत्या आणि स्वतः बांधलेल्या झोपडीत राहून शिकत होत्या. मला हे वाचताना साताऱ्याची वाट आणि हिंगण्याची झोपडी, दोन्ही एकदम आठवल्या.

ती बाई केंब्रिजला परतली आणि बाजारात टेबल मांडून घरी केलेले केक विकू लागली. वर्गणी गोळा केली. १९९३ साली ३२ मुलींना शाळेत घातलं. संस्थेचं नाव कॅम्फेड. पैसे कसे खर्च करायचे हे तिनं इंग्लंडमध्ये बसून ठरवलं नाही. गावचा मुखिया, शाळेचे शिक्षक, मुलींचे आईबाप यांना एकत्र बसवलं. कुठल्या मुलीला खरी गरज आहे ते गावाला माहीत असतं. मदतीत फीबरोबर गणवेश, बूट, वह्या, लांबची असेल तर राहायची सोय आणि पाळीच्या दिवसांत लागणारं कापडसुद्धा. हा शेवटचा खर्च अर्जावर लिहायला आपल्याकडे अजून जीभ अडखळते. पुढं काम झांबिया, घाना, टांझानिया, मलावी इथं पसरलं.

मला सगळ्यात जास्त भावलं ते याच्या पुढचं. पहिल्या मुली शिकून बाहेर पडल्या तेव्हा १९९८ साली त्यांनी आपली संघटना बांधली. शिकलेली प्रत्येकजण आपल्या गावातल्या आणखी काही मुलींचा भार उचलते. काहीजणी पुन्हा शाळेत जाऊन मुलींना आधार देतात, गळणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन आईशी बोलतात. पहिल्या तुकडीतली अँजेलिन मुरिमिर्वा पुढं त्याच संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली. गोदूबाई आणि पार्वतीबाई दोघी तिच्यात एकत्र झाल्या म्हणा ना. शाळेत जाऊन आधार देणाऱ्या या तरुणींना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं. मुद्दल पैशात फेडायचं. व्याज मात्र वेळात. म्हणजे आठवड्यातले काही तास शाळेतल्या मुलींना द्यायचे, तेच व्याज. आमच्या धर्मात व्याज घेणं-देणं हराम आहे. माझ्या अब्बांनी सोसायटीचं कर्ज शेवटपर्यंत काढलं नाही ते त्यामुळंच. हे असं व्याज त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी काय फतवा काढला असता, कोण जाणे. मला वाटतं, हसून सही केली असती.

अशा संस्थांवर टीकाही होते आणि ती ऐकून घ्यायला हवी. परदेशी वर्गणी आटली की मुलगी मध्येच लोंबकळते. शाळा चालवणं सरकारचं काम, ते वर्गणीवर का सोडायचं, हा प्रश्न आफ्रिकेतल्या बायाही विचारतात. तिथल्या शिक्षणमंत्री राहिलेल्या पाच स्त्रियांनी १९९२ साली स्वतःचा मंच काढला, नैरोबीला त्याची कचेरी आहे, तो यासाठीच की धोरण बदललं पाहिजे. आपल्याकडे एसटीच्या मोफत पासाला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. तो पास आमच्या वेळी असता तर आपा शिकली असती. सरकारच्या एका सहीनं जे होतं ते शंभर केकनं होत नाही. पण ती सही होईपर्यंत एक अख्खी आपा घरी बसलेली असते, आणि मामूंचा पास तेवढ्या काळापुरता असतो.

आगरदांड्याला आम्ही काही बायका दहावीनंतरच्या मुलींसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढतो. नाव नाही, पावतीपुस्तक नाही, एक वही आहे. पलीकडून दिघीहून फेरीबोटीनं येणाऱ्या दोघी मुलीही तिच्यात आहेत. मागच्या महिन्यात या मुलींना मी वेळात फेडायच्या व्याजाची गोष्ट सांगितली. अकरावीतली एक पोर, गणितात हुशार, गप्प बसून बोटं मोजत होती. मग म्हणाली, “मॅडम, तुमच्यावर दोन पास होते ना? मग मामूंचे किती तास झाले?”

मी म्हटलं, वही आण, मांडू.